कोठीतल्या मशीनचा पत्ता

सांगलीच्या विश्रामबागेतल्या मगदूमांच्या घरून फोन आला की कॉम्प्युटरच्या दुकानातले सगळे सईकडे बघायचे. फोन कशाचा असणार हे ठरलेलं होतं.

"सई, मशीन परत हरवलं गं," प्रीतीवहिनी म्हणायच्या.

मशीन हरवलेलं नसायचं. ते मगदूमांच्या कोठीत, ज्वारीच्या कणगीशेजारी, लाकडी पाटावर जागच्या जागी बसलेलं असायचं. पुढचा हिरवा दिवा लागलेला, आतला पंखा घुमतोय. फक्त बाहेरच्या खोलीतल्या दोन कॉम्प्युटरना ते दिसायचं नाही.

प्रीती मगदूम घरातच डीटीपीचं काम करायच्या. लग्नपत्रिका, साखर कारखान्याचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका. बाहेरच्या खोलीत एक कॉम्प्युटर त्यांचा, दुसऱ्यावर सिद्धू नावाचा जत भागातला ऑपरेटर बसायचा. दोघांच्या मशीनमध्ये जागा अपुरी पडायला लागली तेव्हा दुकानानं त्यांना एक जुनं मशीन मोठी हार्डडिस्क घालून दिलं. त्याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड. केलेलं सगळं काम केबलवरून त्याच्यात जाऊन साठायचं. बाहेरच्या खोलीत वहिनींचे यजमान जिनपाल यांच्या हळदीच्या पोत्यांची धूळ, म्हणून ते कोठीत ठेवलं. कोठीला धूळ नव्हती आणि कुलूप होतं. कुलपाची किल्ली सासूबाईंच्या, म्हणजे आक्काताईंच्या कमरेला.

सई मूळची साताऱ्याची. फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली, वर इलेक्ट्रॉनिक्सचा एक कोर्स केला आणि वर्षापूर्वी सांगलीत नोकरीला लागली. कारण सापडल्याशिवाय तिला चैन पडत नसे, आणि मगदूमांच्या मशीनचं दुखणं तर तिच्या हाताला लागतच नव्हतं. ती जायची, कोठी उघडून घ्यायची, कॉम्प्युटरचं मेन बटण बंद करायची, मग आधी कोठीतलं मशीन आणि नंतर बाकीची दोन सुरू करायची. मशीन दिसायला लागायचं. तिनं केबल बदलली, नेटवर्क कार्ड बदललं, उन्हानं तापतंय का म्हणून भिंतीला हात लावून पाहिला. आठ-नऊ दिवस कधी बरे जायचे, कधी आठवड्याच्या आतच पुन्हा फोन.

"तू नुसतं मेन बंद-चालू करतीस," सिद्धू एकदा म्हणाला. "ते आमी बी करतो की. आमचं ऐकत न्हाई, तुझं ऐकतंय."

"तुम्ही कुठलं आधी लावता?"

"आपलं आपलं. जे हाताला लागंल ते."

हे उत्तर तिनं तेव्हा मनावर घेतलं असतं, तर बरंच वाचलं असतं. पण तेवढ्यात आक्काताईंनी जेवायला हाक मारली.

त्या घरात दुपारी आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय सोडत नसत. तूरडाळीची आमटी, भात, भाकरी, तूप. प्रत्येक वेळी हेच. सईला वाटायचं, यांच्यात साधंच जेवतात.

भाद्रपद जवळ आला तसा हा प्रश्न अंगावर आला. साताऱ्यातल्या माजी सैनिकांच्या एका संघटनेची स्मरणिका निघायची होती. जाडजूड, शंभरावर पानांची. छपाई साताऱ्यात देवदत्त कुलकर्णींच्या प्रेसमध्ये, आणि पानं लावायचं काम प्रीतीवहिनींकडे. एवढं मोठं काम त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं. सुरुवातीला त्यांनी पानं फ्लॉपीवर घालून एसटीच्या कंडक्टरजवळ दिली. फ्लॉप्या पोचल्या, पण निम्म्या उघडल्याच नाहीत. मग दुकानानं सोय करून दिली, की देवदत्त साताऱ्याहून मोडेमनं मगदूमांच्या घरी फोन लावणार आणि कोठीतल्या मशीनमधून पानं स्वतः उचलणार. फोनची लाईन मात्र सकाळी अकरापर्यंतच मोकळी असायची. अकराला जिनपालदादांचे हळदीचे सौदे सुरू होत, मग दिवसभर फोन त्यांच्या कानाला.

आणि देवदत्तांनाही अधूनमधून मशीन सापडत नव्हतं.

"वहिनी, मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका," त्यांनी फोनवर सांगितलं. "शेवटची वीस पानं ऋषिपंचमीला सकाळी मला मिळाली पाहिजेत. दहाला माझा छपाईच्या प्लेट करणारा येतो. तुमचं मशीन त्या दिवशी लपून बसलं, तर हे काम घ्यायला पुण्याचा माणूस टपून बसलाय. आणि संघटनेचे आमचे सुभेदार म्हणजे असे, की उशीर झाला तर मलाच परेड करायला लावतील."

जिनपालदादा वाईट माणूस नव्हता, पण त्याला कोठी हवी होती. यंदा हळद साठवायची म्हणत होता. "हे साताऱ्याचं काम झालं तर तुझं खरं," त्यानं बायकोला सांगितलं होतं. "वरती खोली बांधून देतो, तिथं काय ती मशिनं मांड. न्हाई झालं तर दिवाळीच्या आधी इकून टाकायची. घरात अर्धवट धंदा नको." हे सगळं सईसमोरच झालं. प्रीतीवहिनींनी माउस जोरात आपटला, आणि तो बिघडला.

तो माउस बदलून द्यायला सई गेली, तो दिवस श्रावण वद्य दशमीचा होता. त्या दिवशी मशीन बिघडलेलं नव्हतं, फोनही आलेला नव्हता. माउस लावून निघणार तोच आक्काताईंनी पान वाढलं. पानात दोडक्याची भाजी होती, आणि बाजूला काकडीची कोशिंबीर.

"आज भाजी?" सईच्या तोंडून निघून गेलं.

"का गं? दोडका खात न्हाईस?"

"खाते की. पण तुमच्याकडे नेहमी आमटी-भातच असतो ना."

आक्काताई हसल्या. "नेहमी कुटला? तू येतीस तवाच नेमकी अष्टमी न्हाईतर चतुर्दशी असती. ते आमचं जैनांचं पर्व, त्या दिवशी आमच्यात हिरवं खात न्हाईत. मी म्हनलं बी एकदा प्रीतीला, ही पोरगी बगून बगून पर्वालाच येती."

सईचा घास हातातच राहिला. ती आपल्या मनानं येत नव्हती. मशीन बिघडलं की बोलावणं यायचं. म्हणजे अष्टमी-चतुर्दशीला येत होतं ते मशीनचं दुखणं.

भौतिकशास्त्र शिकलेल्या मुलीला हे पचायला जड गेलं. चंद्राच्या ओढीनं समुद्राला भरती येते हे ठीक, पण हार्डडिस्कचं काय? मग तिनं प्रश्न उलटा धरला. तिथीनं मशीनमध्ये काही बदलत नसणार. तिथीनं घरात काय बदलतं?

"आक्काताई, अष्टमीला तुम्ही आणखी काय वेगळं करता?"

"बसदीला, म्हंजे आमच्या मंदिरात, जाते पहाटं. अभिषेक असतोय. दहाच्या सुमाराला येते."

"आणि इतर दिवशी?"

"इतर दिवशी बी जाते, पर दर्शन घिऊन लगेच माघारी. मग चूल पेटवायच्या आधी कोठी उघडते, दाणं काढते, तुमच्या त्या मशीनचं बटन दाबते. प्रीतीनंच सांगितलंय दाबायला."

सईनं भाकरी संपवली. आता बघायचंच होतं.

चतुर्दशीला ती सकाळी लवकर मगदूमांकडे हजर झाली. येण्याआधीच प्रीतीवहिनींना बजावलं होतं, की मी कशाला हात लावणार नाही, तुम्ही रोजच्यासारखं करा. याआधी प्रत्येक वेळी तिनंच आल्याआल्या सगळं बंद-चालू केलं होतं, आणि बिघाड बघायच्या आधीच पुसून टाकला होता. आज ती खुर्चीवर हाताची घडी घालून बसली.

आक्काताई शुद्ध वस्त्र नेसून पहाटेच गेल्या होत्या. सोवळ्यात त्या मशीनला शिवत नसत. कोठीला कुलूप होतं. नऊला प्रीतीवहिनींनी आपलं मशीन लावलं, मागोमाग सिद्धूनं त्याचं. दहा वाजून गेल्यावर आक्काताई आल्या, कपडे बदलले, कोठी उघडली, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. बाहेरच्या खोलीत सिद्धू म्हणाला, "झालं. दिसंना."

"छान," सई म्हणाली.

"छान काय? लोकं रडायला लागलीत आणि हिला छान वाटतंय!"

सईनं आधी प्रीतीवहिनींच्या मशीनचा नंबर पाहिला. दोन. सिद्धूच्या मशीनचा तीन. मग तिनं उठून सगळ्यांना बोलावलं. जिनपालदादाही हातात फोन धरून दारात उभा राहिला.

"मिरजेत डॉक्टरकडे गेलं की येईल त्याला टोकन देतात ना?" ती म्हणाली. "पहिला आला त्याला एक, दुसऱ्याला दोन. भिंतीवरची ही डबी, राउटर, तेच करते. स्वतःला एक नंबर ठेवते आणि पुढं जे मशीन आधी जागं होईल त्याला दोन, नंतरच्याला तीन. रोज संध्याकाळी तुम्ही मेन बंद करता. मेन बंद झालं की डबी सगळं विसरते. सकाळी पुन्हा नव्यानं टोकन."

मेन बंद करायचा नियम आक्काताईंचा होता. सूर्य मावळला की स्क्रीन बंद, नाहीतर उजेडाला चिलटं-पाखरं येऊन मरतात. जेवणही त्याआधीच उरकायचं.

"रोज आक्काताई सकाळी आधी कोठीतलं मशीन लावतात, म्हणून दोन नंबर त्याला मिळतो. तुमच्या दोन्ही मशीनना आणि साताऱ्याच्या मशीनला आम्ही एकदाच सांगून ठेवलंय, की पानं पाहिजेत तर दोन नंबरकडे जा. पर्वाच्या दिवशी कोठी उशिरा उघडते. दोन नंबर वहिनींच्या मशीननं घेतलेला असतो. कोठीतलं आज चार नंबरवर आहे. बिघडलेलं काही नाही. सगळे चुकीच्या दारात जाऊन हाका मारतायत."

"म्हंजे कोठीतलं मशीन बी पर्व पाळतंय!" सिद्धू म्हणाला.

"गप रं," आक्काताई म्हणाल्या. "मग आता काय, मी बसदीला जाऊ नको व्हय?"

"तुम्ही खुशाल जा. याला टोकन घ्यायलाच लावायचं नाही. कायमचा नंबर देऊन टाकायचा. मग ते कधीही उठो, पहिलं उठो की शेवटचं, पत्ता तोच."

मशीनला नंबर द्यायचा तर त्याला तात्पुरता स्क्रीन आणि कीबोर्ड जोडायला हवा होता, आणि त्यासाठी कोठीत बसायला हवं होतं. आक्काताईंनी सईचं घड्याळ काढून घेतलं, कारण त्याचा पट्टा चामड्याचा होता, आणि कोठीत पूजेचे तांदूळ होते. हातपाय धुवायला लावले. सई पोत्यावर बसली आणि मांडीवर कीबोर्ड घेतला.

"कुटला नंबर देतीस?" दारातून आक्काताईंनी विचारलं.

"तुम्ही सांगा."

"चोवीस दे. चोवीस तीर्थंकर."

सईनं जरा विचार केला. चोवीस दिला असता तरी त्या घरात तीन मशिनांपलीकडे चौथं नव्हतं. पण जे आज अडत नाही ते उद्या अडेल, असं ठेवायला तिचं मन घेईना. "चोवीस नको, आक्काताई. ही डबी दोनपासून पन्नासपर्यंतचे नंबर वाटते. उद्या घरात मशिनं वाढली आणि तिनं तोच नंबर दुसऱ्या कुणाला दिला तर दोघांची टक्कर होईल. पन्नासच्या पुढचा सांगा."

"पन्नासच्या फुडं..." आक्काताईंनी क्षणभरच डोळे मिटले. "एकशेआठ. जपमाळेचे मणी. चालतंय?"

"चालतंय."

"बग हां. नीट बग. मागनं म्हनशील म्हातारीनं सांगितलं."

सईनं एकशेआठ घातला. बाहेरच्या दोन्ही मशीनना नवा नंबर सांगितला. मग सगळं बंद करून मुद्दाम उलट्या क्रमानं लावलं. आधी सिद्धूचं, मग वहिनींचं, शेवटी कोठीतलं. मशीन दिसलं. पुन्हा एकदा वेगळ्या क्रमानं. दिसलं. प्रीतीवहिनींनी स्मरणिकेचं एक पान उघडलं आणि बंद केलं, पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं.

"साताऱ्याच्या मशीनला पण नवा नंबर सांगायला लागेल," सई म्हणाली. "गणपतीला मी घरी चाललेच आहे. देवदत्तकाकांकडे जाऊन करून येते."

चतुर्थीला घरचा गणपती बसला, मोदक झाले, आणि दुपारी सई देवदत्तांच्या प्रेसवर गेली. त्यांच्या मशीनमधला दोन नंबर काढून तिनं एकशेआठ घातला. सणामुळे सौदे बंद, त्यामुळे मगदूमांची लाईन मोकळी होती. मोडेम किंचाळला, थोडा खरखरला, आणि स्क्रीनवर कोठीतल्या मशीनमधल्या फाईली एकेक करून दिसायला लागल्या.

"आता पळत नाही ना?" देवदत्तांनी विचारलं.

"नाही पळत."

"लिहून देतेस?"

"काका, उद्या पानं आली की बघा ना."

"उद्या आली नाहीत, तर तूच जाऊन सांग सुभेदारांना. तुला पोरगी म्हणून सोडतील, मला नाही सोडायचे."

संध्याकाळी आरतीच्या आधी सई कोपऱ्यावरच्या पीसीओवर गेली आणि प्रीतीवहिनींना फोन लावला. सगळं जमल्याचं सांगितलं. पलीकडून आनंद काही जाणवला नाही.

"काय झालं, वहिनी?"

"अगं, उद्यापासून आमचं पर्युषण. दहा दिवस."

"मग? आता पर्वाचा काही प्रश्न नाही. मशीन कितीही उशिरा लागू दे..."

"आक्काताई बारा वाजेपर्यंत बसदीत असतात, सई. अभिषेक, पूजा, मग प्रवचन. कोठी बारानंतर उघडणार."

सई फोन धरून उभी राहिली. मीटरवरचे तांबडे आकडे पुढं सरकत होते. पत्ता पक्का करण्याच्या नादात ती एक साधी गोष्ट विसरली होती. बंद मशीनला पत्ता असून उपयोग नसतो. क्रम काहीही असो, हे तिनं उलटसुलट तपासलं होतं. कोठीला कुलूपच असेल तर, हे तपासलं नव्हतं.

"मशीन आत्ताच बाहेर काढून ठेवता येईल?"

"कोठीला कुलूप लागलंय. दिवस मावळला."

"रात्रभर चालू..."

"मेन बंद होणार. पर्युषणात तर त्या एक दिवा जास्त लावू देत नाहीत."

"मग किल्ली मागून ठेवा ना, वहिनी. सकाळी तुम्हीच उघडा."

पलीकडं मागं कुठंतरी भांडी आवरल्याचा आवाज येत होता.

"सात वर्षं झाली मला या घरात येऊन," प्रीतीवहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांनी कधी दिली नाही, मी कधी मागितली नाही. कोठी त्यांची आहे. पर्वाच्या आदल्या दिवशी सुनेनं किल्ली मागायची म्हणजे... त्या काही बोलणार नाहीत गं. तेच जास्त वाईट."

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"नको," त्या चटकन म्हणाल्या. "तू नको."

फोन ठेवल्यावर सई घरी आली. आरतीत ती टाळ वाजवत होती, पण एकदाही तालावर नव्हती. आईनं दोनदा डोळे वटारले.

सकाळी ती देवदत्तांच्या प्रेसवर गेली, तेव्हा ते आधीच मशीनपुढं बसले होते. प्लेट करणारा यायचा होता. सईनं त्यांना कुलपाचं काही सांगितलं नाही.

"लावू?" ते म्हणाले.

"लावा."

नंबर फिरला. घंटी गेली. मोडेम किंचाळला. म्हणजे निदान तिकडं फोन घेणारी डबी जागी होती, मेन लागलेलं होतं. पण मेन प्रीतीवहिनीही लावत असतील, त्यावरून कोठीचं काही कळत नव्हतं. देवदत्तांनी एकशेआठ नंबर उघडायला सांगितला. स्क्रीनवर वाळूचं घड्याळ आलं आणि तसंच राहिलं. देवदत्त टेबलावर बोटं वाजवायला लागले. सईनं खिडकीकडं तोंड केलं. रस्त्यावरून कुणाचा तरी गणपती अजून घरी चालला होता, एक दिवस उशिरानं, रिक्षात बसून.

"आली बघ," देवदत्त म्हणाले.

ती वळली. फाईलींची यादी समोर होती. एकशे एक, एकशे दोन, अशी शेवटची वीसही पानं. पहिलं पान उतरायला लागलं.

पानं यायला वेळ लागत होता, आणि तोवर मगदूमांची लाईन अडकलेली असणार होती. त्यामुळं सईला फोन करता येईना. शेवटचं पान आलं तसा प्लेटवाला दारात उभा राहिला, आणि देवदत्तांनी स्वतःच फोन तिच्याकडे सरकवला.

फोन प्रीतीवहिनींनीच उचलला.

"मिळाली?" त्यांनी विचारलं.

"सगळी मिळाली. वहिनी, किल्ली?"

"मागितली."

"कधी?"

"पहाटे. त्या निघाल्या होत्या. रात्रभर धीर झाला नाही. दारात गाठलं आणि म्हटलं, आक्काताई, आज मला कोठी उघडायला लागेल. त्यांनी जुडगा काढला, त्यातली किल्ली सोडवली. सुटता सुटेना. दातांनी ओढली शेवटी. मग म्हणाल्या, आधी आंघोळ कर, मग उघड. आणि दार नीट ओढून घे, उंदीर जातोय."

"एवढंच?"

"एवढंच. जाता जाता वळल्या, विचारलं, एकशेआठच हाय न्हवं अजून? म्हटलं, हो. मग गेल्या."

सईला हसू आलं. "आता काय करणार? त्या आल्या की परत देणार?"

"देणार ना. त्यांची आहे ती." मागून जिनपालदादाचा आवाज आला. फोन सोड, कालच्या सुट्टीनं सांगलीभर सौदे खोळंबलेत. प्रीतीवहिनी त्याला म्हणाल्या, "थांबा जरा, साताऱ्याचा फोन आहे, धंद्याचा." मग पुन्हा सईला, "उद्या परत मागायची. दहा दिवस मागायची. सवय होईल म्हणते. त्यांना आणि मला पण."

फोन ठेवला तेव्हा देवदत्त शेवटच्या पानाच्या छापील प्रतीवर वाकले होते, आणि त्यांच्या कपाळावर आठी होती.

"सई, हे काय? आमच्या सुभेदारांना तुमच्या सिद्धूनं हवालदार केलंय."

"काका, आता काय करायचं?"

"काय करायचं? पुन्हा फोन लावायचा. वहिनींना सांग, पान दुरुस्त करून ठेवा म्हणावं. मशीन चालूच आहे ना?"

"चालू आहे," सई म्हणाली, आणि फोन पुन्हा ओढून घेतला.